चौथा पाट

मालनबाईंनी अंगठा बोटांच्या पेरांवर एकदा फिरवला, परत फिरवला आणि मान हलवली.

"तारीख काय मला सांगता यायची न्हाई, पोरी. सावडायच्या आदल्या दिशी नेला त्याला. सकाळच्या पारी."

शिरूरच्या कोर्टासमोरच्या आपल्या छोट्याशा ऑफिसात अंकिता वकील लिहिता लिहिता थांबली.

"मावशी, कोर्टाला सावडणं कळत नाही. तारीख लागते."

"मग कोर्टानं आमच्या गावात इचारावं. शेंबडं पोर बी सांगंल."

ही बढाई नव्हती. तो दिवस विसरलेलं माणूस कवठे येमाईत शोधून सापडलं नसतं, आणि त्याला कारण खुद्द मालनबाईच होत्या.

त्यांचे मालक, आण्णा, रविवारी दुपारी गेले. लेक-जावई दौंडकडून निघाले, पण त्यांची गाडी यवतच्या पुढे हायवेला अडकली. दिवस कलायला लागला. तिरडीला कोंडिबाआबा, सतीश आणि शंभू असे तिघे भाऊबंद उभे होते, चौथ्या खांद्याला जावयाची वाट बघणं चाललं होतं. तेवढ्यात थांगने चपला काढल्या आणि मुकाट्याने रिकाम्या जागी जाऊन उभा राहिला.

थांग म्यानमारच्या डोंगरातला. लष्कराने त्याचं गाव जाळलं तेव्हा जीव घेऊन निघाला, तो दिल्लीमार्गे रांजणगावात आणि तिथून आण्णांच्या झेंडूच्या मळ्यात कामाला येऊन पोचला. खिशात संयुक्त राष्ट्रांनी दिलेलं निर्वासिताचं कार्ड, आणि जिभेवर मोडकी हिंदी. पण आण्णा अंथरुणाला खिळले ते आठ महिने, त्यांना उचलून उन्हात नेऊन बसवणारे हात त्याचेच होते. त्यामुळे त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही. कोंडिबाआबा तेवढे मोठ्याने खाकरले.

सोमवारी सकाळी पांढरी जीप आली आणि थांगला घेऊन गेली. कुणी नेला, कुठे नेला, कुणी सांगेना.

मंगळवारी तिसरा दिवस. सावडून आल्यावर खांदेकऱ्यांना पाटावर बसवून घरच्या माणसाने त्यांचे खांदे तेलाने मळायचे, अशी त्यांच्याकडे रीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे मळतात तसेच. ओझं वाहिलेल्याचा भार उतरवल्याशिवाय राहू नये, एवढंच त्यातलं शास्त्र. मालनबाईंनी अंगणात चार पाट मांडले. तिघे बसले. कोमट तेलाची वाटी घेऊन त्या बाहेर आल्या, चौथ्या पाटाकडे बघत उभ्या राहिल्या आणि तशाच माघारी वळल्या.

"चौघांनी नेलं माझ्या माणसाला. चौघं बसल्याबिगर मी तेल लावायची न्हाई."

"वैनी, असलं काम अर्धं ठिवू नये," कोंडिबाआबा म्हणाले.

"मग आणा त्याला, आबा."

झालं! त्या दिवसापासून सतीशचा खांदा धरला. डॉक्टरने दोन सुया टोचल्या, मलम दिलं, शेकायला सांगितलं, पण गुण येईना. गावात जो तो त्याला विचारी, "काय सतीशराव, आण्णा उतरलं का खाली?" आणि सतीश हसायचं की रडायचं ते न कळून खांदा चोळत राही.

अंकिताने समोरचा कागद मालनबाईंकडे सरकवला.

"पोलिसांच्या या कागदात लिहिलंय की त्याला सावडण्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी पकडला. पकडल्यावर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, मावशी. यांनी अकरा दिवस कुठेतरी कोंडून ठेवला आणि अटक मागाहून दाखवली. आता सरहद्दीपलीकडे सोडायची तयारी चाललीय."

"तिकडं कोण हाय त्याचं? गेल्या पावली मारतील की!"

"म्हणूनच घाई आहे. हायकोर्टात अर्ज करायचा. माणूस कोणत्या कायद्याने डांबलाय ते सांगा, नाहीतर सोडा, असा."

"अर्जाला नात्याचं माणूस लागतं का?"

"नाही. कुणीही करू शकतं."

"मग लिव्हा माझं नाव," मालनबाई म्हणाल्या. "आन् नातं लिवायचं आसंल तर खांदेकरी म्हणून लिव्हा. त्याच्यापुढं काय नातं आसतंय?"

पण त्यांच्या एकटीच्या शब्दावर भागणार नव्हतं. सोमवारीच नेला असं शपथेवर सांगणारं आणखी कुणी हवं होतं. शंभू लगेच तयार झाला. सतीश तर म्हणाला, "कुठं सही करू ते सांगा, खांदा सुटू दे माझा." तिसऱ्याची मालनबाईंनी आशाच सोडली होती. सोसायटीच्या निवडणुकीपासून आण्णांचं आणि कोंडिबाआबांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मेल्यावर खांदा द्यायला आले हेच पुष्कळ झालं. त्यातून पोलिसांच्या विरोधात सही करायची, म्हणजे विंचवाच्या बिळात बोट घालायचं.

त्यानंतर चौथ्या दिवशी, मालनबाई ऑफिसात असतानाच, आबा आपणहून तिथे आले. कडक इस्त्रीची टोपी घालून, कुणी बस म्हणायच्या आधीच बसले आणि सांगू लागले. सोमवार. सकाळचे नऊ चाळीस. पांढरी जीप. आत चौघे, पुढच्याच्या अंगात चौकड्याचा शर्ट. आणि गाडीचा नंबर, शेवटच्या आकड्यासकट.

अंकिताचा चेहरा उजळला.

"आबा, इतकं नेमकं सांगणारा साक्षीदार मला आजवर भेटला नाही!"

आबा हसले नाहीत. पेन हातात धरून टेबलाकडे बघत राहिले.

मालनबाईही त्या पेनाकडेच बघत होत्या. जीप गेली त्या सोमवारी, दुपारी, आबा त्यांच्या दारात दोनदा येऊन गेले होते. सकाळी आपण शिरूरला होतो, आपल्याला काही ठाऊक नाही, असं कुणी न विचारता दोन्ही वेळा सांगून गेले होते. शिरूरला होते, तर जीपचा नंबर दिसला कुठून? मग आबांनी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, आणि तो कागद अंकिताच्या फायलीत गेला. मालनबाईंनी पदर सावरला.

"लई उपकार झालं, आबा," त्या म्हणाल्या. आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं.

सुनावणी त्यांनी अंकिताच्या लॅपटॉपवर पाहिली. तिन्ही खांदेकऱ्यांच्या शपथपत्रांत दिवस सावडण्यावरून आणि खांदे मळण्यावरून मोजलेला होता. हे खांदे मळणं काय असतं, असं न्यायमूर्तींनी विचारलं, तेव्हा अंकिताने गाठलेल्या मुंबईच्या मोठ्या वकिलांनी समजावून सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, इतक्या दिवसांनी जीपचा नंबर कुणाच्या लक्षात राहतो? न्यायमूर्तींनी विचारलं, नंबर चुकीचा आहे का? सरकारी वकील फाईल चाळू लागले. शेवटी हुकूम झाला. कोठडी बेकायदा, ताबडतोब सोडा, त्याच्या निर्वासिताच्या कार्डाचा निकाल लागेपर्यंत परत पाठवायचं नाही, महिन्यातून एकदा त्याने ठाण्यात हजेरी द्यावी. मालनबाईंनी लॅपटॉपला हात जोडले.

"मावशी, आपला कॅमेरा बंद आहे. त्यांना दिसत नाही."

"हात जोडायला क्यामेरा कशाला लागतोय?" म्हणत त्या डोळे पुसू लागल्या. अंकितालाही मग नाक ओढावं लागलं.

थांग आला तो निम्मा होऊन. आल्या आल्या आण्णांच्या फोटोपुढे उभा राहिला, मग झेंडूला एक चक्कर मारून आला. ठिबकची नळी दोन ठिकाणी तुंबलीय, एवढंच बोलला. मालनबाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चार पाट मांडले.

शंभू बसला. सतीश तर आधीच सदरा काढून बसला होता. थांग बसला. कोंडिबाआबा फाटकाशी उभे राहिले.

"मला नगं, वैनी," ते म्हणाले. "ह्या तिघांचं उरकून घ्या."

मालनबाई वाटी घेऊन उभ्या होत्या. चौथा पाट पुन्हा रिकामा होता.

"चौघं बसल्याबिगर तेल न्हाई, आबा. ठावं हाय तुमास्नी."

"तसं न्हवं, वैनी. त्या दिशी ती जीप... घर म्या..."

"तेल गार व्हतंय."

"आवो बसा की, आबा!" सतीश कळवळला. "माझ्या खांद्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

शंभू फसकन हसला. आबा हसले नाहीत, हललेही नाहीत. त्यांची नजर थांगवर होती. जीपमध्ये चढताना थांगने तो घर दाखवणारा हात पाहिला होता की नाही, हे त्याने पुढेही कधी सांगितलं नाही. तो उठला, चौथा पाट उचलला, गळ्यातल्या टॉवेलाने पुसला आणि आपल्या पाटाला लागून ठेवला.

"आबा, बैठो," तो म्हणाला.

आबा आले. बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, सदऱ्याची गुंडी काढायला त्यांना फार वेळ लागला. मालनबाईंनी तेलात बोटं बुडवली आणि पहिला हात त्यांच्याच खांद्यावर ठेवला.