वजडीचं चौथं पाणी

नाक आमच्या घराण्याचं. वळसंगला माझे आजोबा ओसरीवर बसून सांगायचे, की शेजारच्या घरी ताक आंबलंय. ते नाक माझ्याकडे आलं आणि त्याच्याबरोबर आजोबांचा रागही आला.

आम्ही लिंगायत. अंड्याचं टरफल दारात दिसलं तरी चंद्रव्वा, म्हणजे माझी बायको, अख्खा उंबरा धुऊन काढते. अशा माणसाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली देवानं मैनुद्दीनची वजडीची खानावळ आणून ठेवली. सोलापुरात विजापूर वेशीच्या मागं आमची गल्ली. वर आमचं घर, खाली त्यांचं अंगण. तीस वर्षं झाली.

वजडी म्हणजे बोकडाचं पोट. ज्यानं पाहिली नाही त्यानं आपला सोलापुरी टॉवेल डोळ्यांपुढं आणावा. पण तशी पांढरी होण्याआधी ती काळीकुट्ट असते, आणि तिचा वास... जाऊ द्या. रोज सकाळी सहाला चहा ठेवताना मी खिडकी उघडायचो, वास नाकात शिरायचा आणि मी खिडकी अशी आपटायचो की फळीवरचे डबे हलायचे. वर चार कडक शब्द. "जगात खायला दुसरं काय उरलं न्हाय काय रे!" खालून उलट उत्तर कधी आलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा उघडावी तर वास गेलेला असायचा. मी तो माझा धाक समजायचो आणि खुशीत चहा प्यायचो.

खोटं कशाला बोलू, मी चोरून बघायचोही. कढत पाण्यात चुना घालून मैनुद्दीन वजडी बुडवायचा. कमी बुडली तर काळं साल सुटत नाही, जास्त झाली तर आणखी घट्ट धरतं. तो घड्याळ बघत नसे. नखानं एक कड खरवडायचा, मान हलवायचा आणि बाहेर काढायचा. मग बोथट सुरीनं सगळं काळं उतरवायचं, लेकराच्या अंगावरचा मळ काढावा तसं, न दुखवता. मग मीठ चोळून एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं. मी सूतगिरणीत तीस वर्षं कारकुनी केली, पण एवढा जीव एका कागदाला लावला असेल तर शपथ.

सात वाजता दारात रांग. मोडनिंबचा ट्रकवाला, रात्रपाळी करून आलेले यंत्रमागावरचे तेलुगू कामगार, टाय बांधलेला एक बँकेतला साहेब. भाकरी कुस्करली की सगळे सारखेच. माना खाली, नाकं वाहतायत, तोंडातून शब्द नाही.

गेल्या वर्षी आमचा मुलगा चन्नवीर आम्हाला चार महिने पुण्याला घेऊन गेला. तिथं एकदा जेवताना मी सवयीनं कच्चं वांगं मागितलं. आमच्याकडं कोवळं वांगं मीठ-चटणी लावून भाकरीबरोबर खातात, त्यात विशेष काही नाही. सुनेची आई समोर बसली होती. "कच्चं?" एवढंच म्हणाली, आणि तिच्या नाकपुड्या आक्रसल्या. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. तीस वर्षं तो आमच्या खिडकीत मीच धरून उभा होतो. त्या दिवशी मला घास गोड लागला नाही.

परत आलो आणि सकाळी खिडकी उघडली, तर सात वाजले तरी खाली रांगच नाही. बाकड्यावर दोघं बसलेले. चंद्रव्वानं दुपारपर्यंत सगळी बातमी काढली. दोन-तीनदा ताटात वास आला होता. जुनी गिऱ्हाइकं अर्धी भाकरी टाकून उठली होती. कुणीतरी ते फोनवर गावभर केलं. मैनुद्दीननं ठरवलं होतं, शुक्रवारी खानावळ कायमची बंद.

खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. पण मला चैन पडेना. ज्या हातांकडून मी तीस वर्षं एकही चूक होताना बघितली नाही, त्यांच्याकडून हे झालंच कसं?

संध्याकाळी मैनुद्दीनची बायको जुलेखा वर आली. दारातच थांबली, पदर डोक्यावर.

"अण्णा, राग नका धरू. तुमी गावाला गेला आणि आमचं सगळं बिघडलं."

"आता ह्यात माजा काय संबंध?" मी म्हणालो.

"चार वर्साखाली त्यास्नी ताप आला व्हता बगा. तवापासून नाकच गेलंय. अत्तर की गटार, काय कळत न्हाय. मी सोडून कुणाला ठावं न्हाय."

"मग चार वर्सं धंदा कसा केला?"

तिनं आमच्या खिडकीकडं बोट केलं. "हिच्यावर. तुमी आपटली की आमी आजून एक पाणी काडायचो. उगडी ऱ्हायली की चुलीवर चडवायचो."

मी चंद्रव्वाकडं बघितलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मला मात्र राग आला. तीस वर्षं ज्याला मी धाक समजत होतो, त्याचा ह्यांनी भोंगा करून ठेवला होता!

"दहा पाणी काडा की मग! माझं नाक कशाला पायजे?"

"जादा धुतली की चव जाती, अण्णा. नुस्तं रबर ऱ्हातं."

"आणि तुजं नाक कुटं गेलं?"

"माजं त्यातच मुरलंय. मला तो वास माज्या घराचा वाटतो." तिचा आवाज खाली आला. "त्यास्नी सांगू नका मी आले व्हते म्हणून. लिंगायत माणसाला वजडीचा वास घ्या म्हणायचं, ह्या इचारानंच ते मरतील. पण दुकान बंद झालं तरी ते मरतील."

रात्रभर मी कूस बदलत होतो. चंद्रव्वा अंधारात म्हणाली, "खायला कोण सांगतंय? वासच घ्यायचाय की. तो तर तुमी फुकट घेतच व्हता."

सकाळी सहाच्या आधी मी जिना उतरलो. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या अंगणात पाय ठेवला. मैनुद्दीन घमेल्यापाशी उकिडवा बसला होता. मला बघून तो गडबडीनं उठला आणि ओले हात जोडले.

"अण्णा, शुक्रवारपर्यंतच. मग तुमाला तरास न्हाय."

मी उपरणं मागं टाकलं, शिवाचं नाव घेतलं आणि घमेल्यावर वाकलो. पांढरीधोप वजडी, एकही काळा ठिपका नाही. डोळ्यानं बघणाऱ्याला वाटावं, झालं काम. पण मिठाच्या आणि चुन्याच्या मागं, अगदी तळाशी, गोठ्याच्या वासाचा एक धागा अजून होता.

"आजून एक पाणी," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं चुलीपुढच्या जुलेखाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. त्याला सगळं कळलं. त्यानं पाणी ओतलं, वजडी दोन्ही हातांनी घोळली, पिळली आणि घमेलं माझ्यापुढं धरलं.

मी पुन्हा वाकलो. आता नुसतं गार पाणी.

"चढवा."

चुलीवर मोठं पातेलं बसलं. मला वर जायला हवं होतं, चहा राहिला होता. पण पाय निघेना. त्यानं माझ्यासाठी बाकडं पुसलं, मी बसलो. कांदा परतला, वाटण पडलं, वजडी पडली, झाकण बसलं. तासाभरानं झाकण उचललं आणि वाफ आमच्या दोघांच्या तोंडावर आली. मी खोल श्वास घेतला. त्यानंही घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "एक इचारू? आता वास कसा येतोय?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. चार वर्षं हा माणूस दुसऱ्यांसाठी पातेलं चढवत होता आणि त्याचा वास मात्र त्याच्या स्वतःच्या वाट्याला कधीच येत नव्हता. 

"भाजलेला कांदा येतोय," मी म्हणालो. "सुकं खोबरं. काळा मसाला. तीळ आज जरा जास्त भाजलेत तुमी."

"व्हय, जरा जादा झाले खरं. आणि?"

"आणि सगळ्याच्या खाली कायतरी गोड हाय. तापल्या दुधासारखं."

"तीच!" त्यानं माझं मनगट धरलं. त्याचे डोळे भरून आले होते. "तीच वजडी, अण्णा. बराबर शिजली की तसाच येतो. अजून सांगा."

मी सांगत राहिलो. पहिलं गिऱ्हाईक बाकड्यावर येऊन बसलं तरी सांगत होतो. जन्मात जे तोंडात घातलं नाही आणि घालणारही नाही, त्यानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मी त्याला तेही सांगितलं.