कड्यातला देवमासा

दाजी कवळ्या बनवायचे. घराच्या मागच्या खोलीत फळीवर अनोळखी माणसांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले असत आणि खिडकीपाशी बसून ते बारीक मोटरवर एकेक दात घासत. एकतीस वर्षं हेच. डॉक्टर त्यांच्या हाताची तारीफ करत, पण कवळीवर कारागिराचं नाव कुणी घालत नाही.

रविवारी मात्र ते समुद्रावर जात. गावाबाहेर मातीचा उंच कडा होता. ओहोटी लागली की त्याच्या पायथ्याशी दगड होऊन गेलेली हाडं सापडत. अकरा वर्षांत त्यांनी देवमाशाचे मणके, बरगड्यांचे तुकडे आणि एकदा मुठीएवढं, शिंपल्यासारखं वळलेलं कानाचं हाड घरी आणलं होतं.

"लोकांच्या कपाटात फुलदाणी असते," बायको म्हणायची, "आपल्याकडे मेलेल्या माशाचा कान."

"मासा नाही गं तो. पिलांना दूध पाजणारं जनावर आहे."

"मग त्याच्या आईला नेऊन द्या परत."

त्यांच्यासोबत कायम त्यांचा मेहुणा असे. बायकोचा धाकटा भाऊ, वेल्डर. अंगाने अगदी काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. बहिणीच्या नवऱ्याला तो दाजी म्हणायचा, तेच पुढे गल्लीभर रूढ झालं. पैलवानाला हाडांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला गप्पा हव्या असत, आणि दाजींच्या हातून जड पिशवी काढून घ्यायला निमित्त हवं असे. घाई मात्र त्याच्या रक्तातच होती. चहा गार होईपर्यंत थांबणं त्याला जमलं नाही. आयुष्यभर जीभ भाजत राहिला.

एका वादळानंतर कड्याचा मोठा भाग घसरला, आणि छातीच्या उंचीवर कवटी दिसली. दाराच्या फळीएवढी लांब. खालचा जबडा जागच्या जागी होता आणि त्यात दात होते. मागचे दात करवतीसारखे, तीन-तीन टोकांचे. दाजींनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला. जन्मभर त्यांनी माणसांचे दात घडवले होते, पण इतके सुरेख बसलेले दात पाहिले नव्हते.

त्यांनी संग्रहालयाला कळवलं. तिथल्या हाडांच्या विभागातल्या बाई आठवड्याभरात आल्या. कवटीपाशी बराच वेळ उकिडव्या बसल्या, मग मागे सरून त्यांनी कड्याचा माथा पाहिला.

"हे फार मोलाचं आहे," त्या म्हणाल्या. "पण हात लावू नका. वर भेग पडलीय. खालून माती काढली तर सगळं अंगावर येईल. चार महिन्यांनी माती वाळली की आम्ही माणसं घेऊन येतो आणि वरून माती उतरवत आणतो."

"चार महिन्यांत समुद्र नेईल की ते."

"नेलं तर नेलं. माणूस जाण्यापेक्षा बरं."

त्या दिवशी पैलवान कामावर होता. बाईंचं बोलणं एकट्या दाजींनी ऐकलं.

पुढच्या रविवारी भरतीने जबड्याखालची वीतभर माती खाल्लेली होती. त्याच्या पुढच्या रविवारी एक दात गेला. दाजींनी तो वाळूत दोन तास शोधला, मिळाला नाही. त्या आठवड्यात त्यांचा कामात हात चालेना. एक अख्खी कवळी त्यांनी उलट्या चाव्यात बसवली, खालचे दात वरच्यांच्या पुढे. डॉक्टरांनी हसत हसत परत पाठवली.

शनिवारी त्यांनी मेहुण्याला फोन केला. "उद्या काढायचं. प्लास्टरची दोन पोती घेतोय."

"बाई हो म्हणाल्या?"

"हो. म्हणाल्या, काढा."

इतकं सोपं गेलं ते.

सकाळी ओहोटीला दोघं पोचले. हाड काढायची रीत दाजींना ठाऊक होती: भोवतीची माती कोरायची, कापडाच्या पट्ट्या ओल्या प्लास्टरमध्ये भिजवून हाडाला गुंडाळायच्या, घट्ट झालं की उचलायचं. दाजी प्लास्टर कालवत होते. कवटीखाली शिरून पट्ट्या लावायला पैलवान वाकला. त्याचं अंग बारीक, त्या खाचेत तोच मावत होता.

आत शिरण्याआधी त्याने वर बघितलं. "दाजी, वर भेग दिसतेय."

"जुनी आहे. बाईंनी पाहिलीय."

पैलवान आत गेला. दाजी बादली घेऊन पाण्याकडे वळले, दहा पावलं गेले असतील नसतील. आवाज मोठा नव्हता. पोतं ठेवल्यासारखा धप्प आवाज आला, आणि त्यांनी वळून पाहिलं तेव्हा कड्याचा पायथा बदललेला होता.

मासेमारी करणारे चौघे धावत आले तेव्हा दाजी हातांनी माती उपसत होते. दोन नखं निघाली होती. पैलवानाला बाहेर काढायला पाऊण तास लागला; तोवर तो गेला होता. त्याच्या दोन्ही हातांवर प्लास्टर पार घट्ट झालं होतं, मनगटांपर्यंत पांढरंशुभ्र. इस्पितळात ते फोडून काढावं लागलं.

पोलिसांनी विचारलं, दाजींनी सांगितलं: कडा कोसळला. ते खोटं नव्हतं. अपघात म्हणून नोंद झाली.

खोटं पुढे वाढत गेलं. भेटायला आलेल्यांना बायको म्हणायची, "त्याचं पहिल्यापासून असंच. कसला म्हणून धीर नाही." दाजी शेजारी बसून ऐकत. मग संग्रहालयातल्या बाई घरी आल्या. दारातच त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मी सांगितलेलं तुम्ही मेहुण्यांच्या कानावर घातलं होतं ना?"

"घातलं होतं," दाजी म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. आत जाऊन त्या पैलवानाच्या बायकोजवळ बसल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "त्यांना धोक्याची कल्पना दिली होती हो. ऐकायला हवं होतं त्यांनी."

त्या दिवसापासून तिचं रडणं थांबलं. ती नवऱ्याचे कपडे काढून देऊ लागली. त्याचं हेल्मेट, हातमोजे, चपला, सगळं. "माहीत असून गेला," एवढंच म्हणायची. "आमचा विचार नाही आला त्याच्या मनात."

तीन आठवड्यांनी ती नणंदेकडे आली होती. दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. दाजी दाराशी येऊन उभे राहिले.

"त्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

बायकोने मान वर केली. "काय माहीत नव्हतं?"

"बाई नको म्हणाल्या होत्या. मी त्याला सांगितलं, काढा म्हणाल्या. भेगेचंही त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, जुनी आहे."

पैलवानाची बायको उठली. ती अंगावर धावून येईल असं दाजींना वाटलं, आणि यावं असंही वाटलं. पण ती भिंतीला टेकून खाली बसली.

"म्हणजे त्याला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "अगं बाई! तीन आठवडे मी त्याला शिव्या घालतेय." आणि ती मोठ्याने रडू लागली. तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सैल झाला होता, ते बघवत नव्हतं.

दाजींच्या बायकोने भावजयीला उठवलं, तिच्या चपला तिच्या पायांत सरकवल्या आणि तिला घेऊन ती निघाली. जाताना नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. "पोलिसांत जाऊन सांगा," इतकंच म्हणाली.

ते गेले, आणि सगळं सांगितलं. खटला दीड वर्ष चालला, शिक्षा आठ महिन्यांची झाली. त्यांनी वकिलाला अपील करू दिलं नाही. तुरुंगात बायको एकदाच आली, विसरलेला चष्मा द्यायला. अपघातानंतरच्या हिवाळ्यातच समुद्राने कोसळलेली माती हळूहळू ओढून नेली आणि तिच्याबरोबर कवटीही. बाईंच्या माणसांना जबड्याचा एक तुकडा मिळाला म्हणतात. दाजींनी चौकशी केली नाही.

ते सुटून आले तेव्हा बायको घरी होती. भावजय मुलीकडे राहायला गेली होती, आणि हिला दुसरीकडे जायला जागा नव्हती. तसं तिने स्पष्ट सांगितलं. कपाटातली हाडं तिने खोक्यात भरून संग्रहालयाला देऊन टाकली होती. दाजी पुन्हा कवळ्या करू लागले. दोघं एका टेबलाशी जेवत. मीठ हवं का, वीजवाला आला होता का, असं बोलणं होई.

एका दुपारी ती त्यांच्या खोलीत आली. ते सुटून आल्यापासून आठ-नऊ महिने ती तिथे फिरकली नव्हती. मोटर चालू होती. तिने हात पुढे करून बटण बंद केलं.

"एक विचारते. खरं सांगाल?"

"हो."

"इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, तो लगेच गेला. कळलंही नसेल त्याला. तसंच झालं का?"

दाजींनी हातातला दात टेबलावर ठेवला. तिला तेच हवंय, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एक शब्द पुरला असता.

"नाही," ते म्हणाले. "तो हाका मारत होता. दाजी, दाजी, म्हणून. दहा मिनिटं तरी. मी उकरत होतो."

तिने टेबलाची कड धरली. "आणि काय म्हणाला?"

"म्हणाला, दाजी, तुम्ही लांब व्हा, अजून पडेल."

साचे बाजूला सारून तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"सगळं सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."