चढावर दम टाकणारी गाडी

धाकट्याने इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या तोंडाशी रबरी बूच बसवलं, कॉम्प्रेसरची नळी त्याला जोडली आणि कॉक हळूच उघडला. हवा पाइपांतून आत शिरू लागली. मग साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. जिथून हवा सुटत असेल तिथे फेस येणार, एवढं साधं शास्त्र.

ही गाडी त्याने कालच दुरुस्त करून दिली होती, शेवटची म्हणून. आज सकाळी मालक तीच घेऊन पुन्हा दारात. सपाटीवर शहाण्यासारखी चालते, चढ लागला की दम टाकते आणि मागून काळा धूर सोडते, असं म्हणून त्याने चावी टेबलावर टाकली आणि निघून गेला.

हत्ती गेला नि शेपूट राहिलं, असं धाकट्याचं वर्षभर चाललं होतं. बायको मुलीला घेऊन केव्हाच दुसऱ्या गावी राहायला गेली होती. तिथल्या वर्कशॉपने त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण उद्या सकाळी हजर झाला तरच. गॅरेज थोरल्या भावाचं. वडिलांमागे त्यानेच धाकट्याला वाढवलं, त्यानेच हातात पाना दिला. जाऊ नकोस असं तो कधीच म्हणाला नाही. एवढी एक गाडी उरकून जा, इतकंच म्हणे. नको म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. जा म्हणणाऱ्या माणसाशी भांडणार कसं? धाकट्याला संताप यायचा तो याचाच.

मान वाकडी करून तो पाणी फवारत गेला. वरचे जोड कोरडे, मधलेही कोरडे. बंपरच्या मागे, हात कसाबसा पोचतो अशा कोपऱ्यात, पाइपाचा जोड आवळून धरणाऱ्या क्लॅम्पभोवती पांढरा फेस फसफसून आला. त्याने बॅटरी तिकडे वळवली. क्लॅम्प आवळला की तो स्क्रूवरून थेट पट्टीवर पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवत असे. त्या रेघेचे दोन तुकडे झाले होते. गाडीच्या हादऱ्यांनी एका दिवसात स्क्रू इतका फिरत नाही. तो कुणीतरी फिरवावा लागतो.

"सापडलं का रे?" थोरल्याने वरून विचारलं.

"सापडलं."

"मग दुपारची बस काही मिळत नाही तुला आता."

आवाजात काळजी होती आणि ती खरी होती, हेच सगळ्यात वाईट. धाकट्याने कॉम्प्रेसर बंद करायला सांगितलं आणि स्क्रूड्रायव्हर वर धरला.

"दादा, हे तूच आवळ. माझा हात जात नाही."

गुडघे दुखायला लागल्यापासून थोरला खड्ड्यात उतरत नसे, निदान धाकटा तसंच समजत होता. भिंतीला धरून तो एकेक पायरी उतरला. कुठला जोड, असं त्याने विचारलं नाही. हात सरळ बंपरमागच्या कोपऱ्यात गेला आणि मग तिथेच थांबला.

वर्षभराचं साठलेलं धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात थोरल्याने स्क्रू फिरवायला घेतला. थोडासा फिरला, मग स्क्रूड्रायव्हर घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. बोटं मुठीवर मिटतच नव्हती. सैल करायला फारसा जोर लागत नाही. आवळायला लागतो, आणि तो त्या हातात उरला नव्हता.

"कधीपासून?"

"तुझी बायको गेली, त्याच्या थोडं आधीपासून."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू कायमचा राहिला असतास," थोरला म्हणाला. "मला एकेकच दिवस हवा होता."

धाकट्याने त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि स्क्रू फिरवला. खिशातला फोन वाजू लागला. बायकोच असणार, निघालास का विचारायला. फोन वाजून वाजून थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. क्लॅम्प घट्ट बसला होता, तरी त्याने हात काढला नाही.