मागच्या सीटखालचा आकडा

अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये हमदुल्लाने एकतीस वर्षं गाड्या ठोकल्या, घासल्या, रंगवल्या. पण तिथे गालिचा अंथरलेला त्याने आज पहिल्यांदा पाहिला. भिंतीवर सिनेमाच्या पडद्याएवढा स्क्रीन, छताला दिवे, आणि खाली ओळीने उभ्या बावीस जुन्या अमेरिकन गाड्या. मस्टँग, कॅमॅरो, चार्जर, एकीपेक्षा एक दांडगी. उद्या त्यांचा लिलाव. आज फक्त बघायचं.

आणि बघायला माणसं लोटली होती. दुबईहून, मस्कतहून, एक म्हातारा तर व्हीलचेअरवरून बहरीनहून आला होता. गाड्यांचं वेड लागलेली माणसं म्हणजे वेगळीच जमात. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण कुठल्या साली कुठल्या गाडीला कुठला कार्ब्युरेटर होता, ते झोपेतून उठवून विचारा. कुणी बॉनेटखाली डोकं घातलं होतं, कुणी इस्त्रीच्या पायघोळ अरबी कंदुऱ्यासकट गालिच्यावर उताणा पडून गाडीचं पोट बघत होता. बाहेर सकाळपासून धुळीचा वारा सुटला होता आणि मधूनच पत्रे कुरकुरत होते. आत कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

हमदुल्लाचं होतं. भिंतीला पाठ लावून तो वाऱ्याचा आवाज ऐकत होता, आणि नजर एकाच गाडीवर होती. सत्तर सालची चॅलेंजर, पिकल्या जांभळाच्या रंगाची. शेडमधले सगळे तिला जांभळीच म्हणायचे. तिच्यापुढच्या पाटीवर लिहिलं होतं की ही गाडी डेट्रॉइटच्या कारखान्यातून जशी निघाली तशीच आहे, तिच्या अंगाला पुन्हा ब्रश लागलेला नाही.

खरी जांभळी अकरा वर्षांपूर्वी जळून गेली होती. मोठे अरबाब, म्हणजे हमदुल्लाचे मालक, त्या काळ्या सांगाड्यापाशी बसून लहान मुलासारखे रडले. मग हमदुल्लाने दुसरा एक गंजका सांगाडा घेऊन चौदा महिने राबून ही उभी केली. जुनीची नंबरपट्टी हिला बसवली. त्या काळी कारखान्यातले कामगार गाडीच्या पोटात पिवळ्या खडूने तपासणीचे आकडे लिहायचे, तेसुद्धा त्याने फोटो बघून हुबेहूब उतरवले. अरबाब म्हणाले, "हमदुल्ला, ही माझ्या डोळ्यांसाठी. विकायची नाही."

विकायची नाही म्हटल्यावर फसवणूक कुणाची होणार? म्हणून काम संपलं तेव्हा, हातात खडू होताच, हमदुल्लाने मागच्या सीटखालच्या पत्र्यावर ७८६ लिहिलं. इंग्रजी आकड्यांत, सातच्या पोटात आडवी रेघ मारून. बिस्मिल्लाचा आकडा. महाडच्या गॅरेजात पहिल्या उस्तादाने लावलेली सवय; हमदुल्लाच्या हातून निघालेल्या एकाही गाडीला तो हे लिहायचं चुकला नव्हता. फोन नव्हते तेव्हा श्रीवर्धनला बायकोला, मरियमबीला, पत्रं जायची, त्यांच्याही माथ्यावर तोच आकडा. सीटखालच्या आकड्यावरून त्याने लॅकरचा हात मारला आणि विसरून गेला.

मोठे अरबाब रमजानमध्ये गेले. त्यांच्या मुलाने, छोट्या अरबाबांनी, चाळिसावं व्हायच्या आत लिलाव ठरवला आणि हमदुल्लापुढे इंग्रजी कागद सरकवला: या वर्कशॉपने जांभळीला कधी रंग दिलेला नाही. त्याने वाचला आणि पेन खाली ठेवलं. तेव्हा छोटे अरबाब हसून म्हणाले, "तुम पेंटर है, तुम साइन करेगा. मेरा नाम किधर है? यल्ला, जल्दी." हमदुल्लाने सही केली. रविवारी कायमचं घरी जायचं होतं आणि व्हिसाचे शेवटचे कागद लिलाव झाल्यावर मिळणार होते. तिकडे मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटमध्ये मरियमबीने खोक्यांना सुतळ्या बांधून ठेवल्या होत्या. पण तो आकडा कुणाला सापडला, तर विमानाऐवजी पोलिसांची गाडी येणार आणि सही करणारा आत जाणार, हे कळायला त्याला वकिलाची गरज नव्हती. गेल्या दहा दिवसांत पुसायला म्हणून दोनदा आला; दोन्ही वेळा गाडीला सील होतं.

"चाचा!" रुपेशने मागून खांद्यावर हात टाकला. रुपेश सांगलीचा, इथे कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा. पंधरा वर्षांपासून स्वतःच्या गाड्या हमदुल्लाकडेच आणायचा. आज त्याचा चेहरा बोहल्यावर चढल्यासारखा फुलला होता. "जांभळी बारा लाख दिरहॅमपर्यंत जाईल म्हणतात. म्हणजे आपले पावणेतीन कोटी! पुण्याचा प्लॉट विकायला काढतोय. घरी शिवानीला अजून सांगितलं नाही, बोलू नका हां."

"रुपेशभाई, एवढ्या पैशात..." हमदुल्लाच्या तोंडून निघालं आणि तिथेच थांबलं. छोटे अरबाब चार पावलांवर उभे होते.

तेवढ्यात लिलाव कंपनीचा गोरा तपासनीस जांभळीचं सील काढून आत शिरला. माणसं भोवती गोळा झाली. त्याने टॉर्च लावला, पुढचे खडूचे आकडे बघितले, मान डोलावली. मग मागची सीट उचलली. तपासनीस बराच वेळ वाकून राहिला. बाहेर पत्रा दणदणा वाजला.

"फँटास्टिक!" तो आतूनच ओरडला. हा तर कारखान्यातल्या तपासनीसाचा खाजगी नंबर असणार, म्हणाला, वीस वर्षांत असा नमुना पाहिला नाही. गाडीच्या खरेपणाचा याहून मोठा पुरावा नाही! छोट्या अरबाबांना आकडा दाखवला, त्यांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. अरबांत ही रीतच नाही. त्यांनी खूश होऊन फर्मावलं, फोटो काढा, स्क्रीनवर लावा, उद्या दिवसभर राहू दे. दोन मिनिटांत हमदुल्लाचं अक्षर भिंतभर झालं. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

रुपेशने नाही वाजवल्या. तो स्क्रीनकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "चाचा, हे ७८६ आहे. आपल्याकडे रिक्षावर असतं, ट्रकवर असतं. डेट्रॉइटमध्ये कोण लिहिणार?"

हमदुल्लाने छोट्या अरबाबांकडे पाहिलं. ते फोनवर बोलत होते, पण नजर इकडेच होती.

"खरं सांगा," रुपेश म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते मी मानेन. यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

मुळात खोटं बोलायची सवय नसली की माणसाला ते लांबवता येत नाही. "कंपनीचंच असेल," हमदुल्ला म्हणाला. "नंबर काय, कुठलाही पडतो. योगायोग."

ज्या आकड्याने त्याचं प्रत्येक काम आणि प्रत्येक पत्र पुरं झालं होतं, तो माझा नाही असं त्याने भरल्या शेडमध्ये सांगितलं होतं. त्याला मनापासून लाज वाटली. पण रुपेशचा चेहरा पुन्हा उजळला होता. "बस्स! चाचा म्हणाले म्हणजे खलास," असं म्हणत तो बोलीचा फॉर्म भरायला टेबलाकडे पळाला. हमदुल्लाने त्याला अडवलं नाही. निभावलं, त्याला वाटलं. उद्याचा दिवस गेला की रविवार.

जरा हवा घ्यावी म्हणून तो दाराशी आला. दारावर सिक्युरिटीचा अबरार होता, लिलाव कंपनीचा माणूस. सकाळीच ओळख झाली होती, म्हसळ्याचा निघाला. अबरार फोन वर धरून स्क्रीनचा फोटो काढत होता.

"चाचा, बघितलंत? माशाल्ला! गोऱ्याला काही कळत नाही. हा आपल्याच कुणीतरी कोकण्याने केलेला हात आहे, मी पैजेवर सांगतो."

"काय करतोस?"

"आपल्या मराठीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला मघाशीच. तीनशे माणसं आहेत अबुधाबीतली. बघू या, कोण ओळखतो."

हमदुल्लाने त्याचा फोनचा हात धरला. "काढ. काढून टाक तो."

"का? ओळखलं पण कुणीतरी," अबरार म्हणाला आणि बघता बघता त्याचे डोळे मोठे झाले. "चाचा! तुम्ही?"

त्याच वेळी हमदुल्लाच्या खिशातला फोन थरथरला. मरियमबीचा व्हॉइस मेसेज होता. त्याने तो कानाला लावला. मागे सेलोटेप फाडल्याचा आवाज येत होता आणि तिचा आवाज आनंदाने नुसता वाहत होता.

"अहो, तुमचा सात मी नाही का ओळखणार? एवढी वर्षं पत्रं वाचली. एवढ्या मोठ्या पडद्यावर लावलंय, आणि घरी एका शब्दाने बोललात का? मी ग्रुपवर तुमच्या नावानिशी सांगून टाकलं सगळ्यांना, हे आमच्या ह्यांनी लिहिलंय म्हणून. लोक विचारतात, कुठल्या गाडीत? तेपण सांगितलं, रंगावरून कळतंच की. जांभळीत."

आत टेबलापाशी रुपेश उभा होता. फॉर्म अर्धा भरलेला, पेन तसंच हातात. तो आपल्या फोनकडे बघत होता, आणि शेजारी येऊन उभे राहिलेले छोटे अरबाब विचारत होते, "क्या हुआ, हबीबी? क्या लिखा है?"