साखराबाईची साक्ष

पाटोद्याच्या पलीकडं डोंगराच्या कडेला असलेल्या त्या गावात साखराबाईच्या शब्दाला वजन होतं. मेंढरं राखणाऱ्या घरातली, शाळेची पायरी न चढलेली बाई. पण बांधाचं भांडण असो की भावकीचं, लोक म्हणायचे, साखराबाईला विचारा, ती आहे तसं सांगेल.

मग निवडणूक आली आणि गाव दुभंगलं, साखराबाईची माणसं एकीकडं, बसप्पा वाण्याची दुसरीकडं. चहाची हॉटेलं वेगळी झाली, लग्नातल्या पंगती वेगळ्या झाल्या. निकालाच्या दिवशी मिरवणुकीत बसप्पा वाण्याचा पुतण्या अमरनाथ यानं साखराबाईच्या दिराच्या मुलाच्या, रामेश्वरच्या डोक्यात लोखंडी पाइप घातला. रामेश्वर वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. साखराबाई दहा पावलांवर उभी होती. तिनं पोलिसांना अमरनाथचं नाव सांगितलं.

तिच्या माणसांनी तिला डोक्यावर घेतलं. "आमची साखराबाई खोटं बोलणारी न्हाई," असं जो तो सांगू लागला. बसप्पाच्या दुकानात मात्र तिला वेगळंच ऐकावं लागलं. बसप्पा भला म्हातारा होता, तिच्या बाळंतपणात त्यानं घरपोच डिंक पाठवला होता. तो तराजूकडं बघत म्हणाला, "गर्दी होती साखराबाई. तुजी नजर चुकली असंल."

"न्हाई अप्पा. चुकली न्हाई."

बसप्पानं तिची पुडी बांधून पुढं सरकवली.

पुढं साखराबाईच्या माणसांतल्या कुणीतरी फतवा काढला की बसप्पाच्या दुकानातून काही घ्यायचं नाही. साखराबाईचा सख्खा भाऊ बंकट त्यात सगळ्यांच्या पुढं होता. एके दिवशी सकाळी तो चार माणसं घेऊन बसप्पाच्या दुकानासमोर आला आणि शटर ओढायला लागला. बसप्पा आडवा आला. बंकटनं हातातली काठी फिरवली. म्हातारा पायरीवरून खाली कोसळला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं.

समोरच्या गिरणीत साखराबाई आणि तिची मुलगी शिवकन्या दळणाला उभ्या होत्या. शिवकन्या किंचाळली, "मामा, नका मारू! मरतंय म्हातारं!" तीच आधी धावली. तिनंच बसप्पाचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजलं.

पोलीस आले. साखराबाईनं बंकटचं नाव सांगितलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं, धुळाजीनं, आतून दार लावलं. मग म्हणाला, "आपलाच माणूस तुला दिसला व्हय?"

"अमरनाथ दिसला तवा तुमी पेढे वाटले."

"त्यो खुनशीपणा व्हता. बंकटला राग आलता. रागात माणसाचा हात उठतो."

"माणूस तर दोघांनी बी मोडला."

"तुला कळत न्हाई," धुळाजी म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आता बसप्पाच्या माणसांनी तिला देवी केलं. ती बीडला दवाखान्यात म्हाताऱ्याला बघायला गेली, तेव्हा त्याच्या बायकोनं, गंगासागरबाईनं, तिचे दोन्ही हात धरले. "साऱ्या गावात तूच एक खरी हाईस गं."

"वैनी, मंग अमरनाथचं बी मी खरंच बोलले व्हते ना?"

गंगासागरबाईचे हात सैल झाले. "ते येगळं हाय," ती म्हणाली. "तवा लई गोंधळ व्हता." खाटेवरच्या बसप्पानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

साखराबाईला वाटलं, जाऊ दे, निदान माझी पोर माझ्यासंगं आहे. पहिले आठ-पंधरा दिवस शिवकन्या आईची बाजू घेऊन भांडली. मग कॉलेजातल्या मैत्रिणी बोलेनाशा झाल्या. मोबाइलवर भावकीच्या ग्रुपात रोज काही ना काही येऊ लागलं. पायरीवर तेल सांडलं होतं, म्हातारा घसरला, बंकटला बदनाम करायचा डाव आहे. एके संध्याकाळी भाकरी थापताना शिवकन्या म्हणाली, "आय, तेल सांडलेलं असंल का गं खरंच?" महिन्याभरानं ती म्हणाली, "तेल व्हतं. माज्या चपलेला लागलं व्हतं."

"अगं, तू मामाला नका मारू म्हणून वरडलीस!"

"न्हाई आय. म्हातारं घसरतंय म्हणून वरडले."

साखराबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. ही पोर लहानपणी खोटं बोलली की कान लाल व्हायचे. आता तिचा चेहरा शांत होता. आपली आई चुकतेय याचं दुःख तेवढं त्यावर होतं. पोरगी घाबरून बोलत असती, तर तिला समजावता आलं असतं.

पोलिसांनी शिवकन्येला बोलावलं तेव्हा तिनं तेच सांगितलं. परत येताना जीपमध्ये तिनं आईची पिशवी आपल्या मांडीवर घेतली, वाऱ्यानं उडणारा आईचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुला कुणी नावं ठेवू नयेत, असं सांभाळून बोलले."

कोर्टात तारखा पडत राहिल्या. बंकट सुटला. बसप्पाचं म्हणणं वैराचं ठरलं, आणि एकाच घरातल्या दोघी दोन गोष्टी सांगत होत्या. बसप्पा दुकान विकून लातूरला लेकाकडं गेला. मग रामेश्वरचा खटला उभा राहिला आणि अमरनाथच्या वकिलानं साखराबाईला विचारलं, "बाई, तुमची मुलगीच म्हणते की तुम्ही नसलेलं बघता. खरं का?" तिनं जे पाहिलं होतं ते पुन्हा सांगितलं. सांगताना आवाज कापला, आणि तो कापलेला सगळ्यांना ऐकू गेला. अमरनाथही सुटला.

दोन्हीकडं गुलाल उडाला. बंकटच्या दारी आधीच उडाला होता, आता अमरनाथच्या दारी उडाला.

काही दिवसांनी रामेश्वर माळावर आला. साखराबाई मेंढरांमागं उभी होती. लुळा हात खिशात खोचून तो म्हणाला, "काकू, तुमी बंकटमामाचं नाव कावून घेतलं? घेतलं नसतं तर माजी केस टिकली असती."

"बाबा, बंकटनं मारलं व्हतं रे."

"मला ठाव हाय. म्या बी तितंच व्हतो."

"मंग पोलिसांना का न्हाई सांगितलंस?"

तिनं विचारलेलं त्याला खरोखरच समजलं नव्हतं.

"आपला माणूस हाय काकू त्यो," तो म्हणाला आणि उतारानं गावाकडं निघून गेला. साखराबाई तिथंच बसली. मेंढरं पांगत पांगत पार खाली ओढ्यात उतरली, तरी तिला हाक मारायचं सुचलं नाही.