गिऱ्हाइकाचा दुसरा हात

अण्णांनी अकराव्या धड्याखाली लाल पेन्सिलीने अशी काही रेघ ओढली, की कागद फाटून ती थेट पुढच्या पानावर उतरली.

"अहो, पुस्तक वाचताय की काकडी चिरताय?" कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली.

अण्णांनी पेन्सिलीला नवं टोक काढलं. कुलपांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढून ते उत्पादन व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले होते. त्याच कारखान्यात, त्यांच्याच दिवशी नोकरीला लागून शेजारच्या खुर्चीवर चिकटलेला लंबू मात्र व्यवस्थापकीय संचालक होऊन बाहेर पडला आणि आता त्याने पुस्तक लिहून निमंत्रणाबरोबर एक प्रतही पाठवली होती: 'चाळीस वर्षांचे चाळीस धडे'. नोकरी लंबूचीही छत्तीसच वर्षांची. उरलेले चार धडे त्याने घरी बसून घेतले असावेत, असं अण्णांचं मत होतं. मागच्या पानावरच्या फोटोत लंबूच्या डोक्यावर केस होते, तेही तरुणपणी होते त्याहून दाट. हे सगळं गिळायला अण्णा तयार होते. अकरावा धडा मात्र घशात अडकला होता.

'गिऱ्हाइकाचा दुसरा हात रिकामा नसतो.' दाराशी आलेल्या माणसाच्या हातात पिशवी असते, म्हणून कुलूप एकाच हाताने उघडलं पाहिजे. किल्ली फिरवताच कडी आपोआप उडाली पाहिजे. या एका गोष्टीने डबघाईला आलेला कारखाना वर काढला, असं लंबूने लिहिलं होतं. ते खरंच होतं. फक्त ती गोष्ट अण्णांची होती. त्या वेळचं परिपत्रक अण्णांच्या सहीचं होतं, आणि घराच्या कागदपत्रांबरोबर प्लॅस्टिकच्या पाकिटात तीस वर्षं सुखरूप होतं.

"आज प्रकाशनाला सगळ्यांसमोर हे दाखवणार," अण्णा म्हणाले.

"त्याने काय होईल?"

"सत्य बाहेर येईल."

"इतकी वर्षं फायलीत होतं, तर काही बिघडलं का त्याचं?"

अण्णांनी परिपत्रक पाकिटासकट शर्टाच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

सभागृहात त्यांनी मुद्दाम तिसऱ्या रांगेतली जागा धरली. पहिल्या रांगेत बसलं तर लंबूला आनंद झाला असता, आणि मागे बसलं तर त्याचा पडलेला चेहरा नीट दिसला नसता. एका बाजूला बायको. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या केसांच्या एक बाई येऊन बसल्या, मांडीवर तेच पुस्तक.

"ओळखलंत का साहेब?"

"हो तर," अण्णा म्हणाले. न ओळखलेल्या माणसाला ते छत्तीस वर्षं हेच म्हणत आले होते.

"चेकिंगच्या टेबलावरची मी. खिडकीकडची."

"हो हो, खिडकीकडची."

व्यासपीठावर लंबू अकराव्या धड्याला पोचला. एका संध्याकाळी म्हणे तो एका दाराकडे बघत उभा होता आणि त्याला साक्षात्कार झाला. टाळ्या पडल्या. अण्णांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाई त्यांच्याकडे झुकल्या. "हे तर तुमचं ना, साहेब?"

अण्णांना त्या बाईंना मिठीच मारावीशी वाटली. साक्षीदार! तोही चेकिंगचा!

"तुम्हाला आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? मीच नाही का सांगितलं होतं तुम्हाला? रोज घरी पोचायचे तेव्हा एका हातात भाजी, कडेवर पोर, आणि आपल्याच कारखान्याचं कुलूप एका हाताने उघडेना. पोराला खाली ठेवलं की ते जिन्याकडे पळायचं. तुम्ही म्हणालात, बाई, कुलपं तपासा, घरचं पुराण नको." बाई हसल्या. "दोन दिवस तुमच्या नावाने बोटं मोडली मी. आणि सोमवारी बघते तर फळ्यावर परिपत्रक! नवऱ्याला म्हटलं, साहेब खेकसतात, पण ऐकतात."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नावालाही नव्हती. त्या कौतुकच करत होत्या.

अण्णांनी आठवून पाहिलं. परिपत्रकाचा वार आठवला, शाईचा रंग आठवला, किती प्रती काढल्या तेही आठवलं. बाईंचं बोलणं काही केल्या आठवेना. फक्त 'घरचं पुराण नको' हे वाक्य त्यांचंच होतं. त्यावर सहीची गरज नव्हती.

"कुणाला काही विचारायचंय?" व्यासपीठावरून विचारणा झाली. अण्णांचा हात सकाळपासूनच वर जायला टपलेला होता, तो गेला. माइक आला.

"अरे, हा तर आमचा चष्म्या!" लंबू ओरडला. "बोल रे, बोल!"

लोक हसले. अण्णा उभे राहिले.

"पुस्तक चांगलं आहे." बायकोने डोळे मिटून घेतले. "पण एक नाव राहिलंय. अकराव्या धड्यात."

लंबूने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "कुणाचं?"

पाकीट खिशातून अर्धं बाहेर आलं होतं. पाच दिवस घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. पण अण्णा शेजारच्या खुर्चीकडे वळले. माइक तोंडापाशीच राहिला होता.

"बाई, तुमचं नाव काय हो?"

ते सगळ्या सभागृहाने ऐकलं. बाई चेकिंगच्या टेबलावर बावीस वर्षं होत्या, हेही त्यानंतर सगळ्यांना कळलं. अण्णांनी त्यांचं नाव आडनावासकट माइकवरून सांगितलं, मग बाकीचं सांगितलं. घरच्या पुराणाचं वाक्यही गाळलं नाही. टाळ्यांची सुरुवात लंबूनेच केली. सुरुवात करण्यात तो आयुष्यभर पहिला. "पुढच्या आवृत्तीत घालू!" असं म्हणून आता तो ते पाणी घटाघटा प्यायला. टाळ्या बराच वेळ चालल्या. चाळीस धड्यांना मिळून पडल्या नव्हत्या तेवढ्या. अण्णांना तेही जरासं टोचलंच.

निघताना त्यांनी परिपत्रकाचं पाकीट बाईंच्या पुस्तकात ठेवलं आणि त्या काही म्हणायच्या आत दाराकडे चालू लागले.

वाटेत बायकोने भाजी घेतली. घराच्या जिन्यावर ती नेहमीसारखी दोन पायऱ्या मागे होती, दोन्ही हातांत पिशव्या. अण्णांनी नेहमीसारखं डाव्या हातात कुलूप धरलं, उजव्या हाताने किल्ली घातली, आणि तसेच थांबले.

"काय झालं? चुकीची किल्ली आणलीत का?"

"पिशवी दे."

"कुठली?"

"जड असेल ती."

बायकोने पिशवी दिली. ती अण्णांना वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जड होती. ती डाव्या हाताला अडकवून त्यांनी उजव्या हाताने किल्ली फिरवली. खट्. कडी उडाली.

बायको एकदा कुलपाकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत राहिली.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

अण्णांनी कुलूप पुन्हा लावलं, आणि दुसऱ्या पिशवीसाठी हात पुढे केला.