तिसऱ्या ठोक्याआधी

मी बिशपसाहेबांची काठी बोलतेय. चालताना टेकायची नव्हे, मानाची! अंग सागवानी, डोकं मेंढपाळाच्या आकडीसारखं वळलेलं. अमृतराव अँग्लिकन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे बिशप, म्हणजे सगळ्या पाद्र्यांचे प्रमुख झाले, त्या दिवशी मला त्यांच्या हातात दिलं. त्याआधी बारा वर्षं ते सायकलवरून खेडोपाडी फिरणारे पाद्री होते. पुढे जीप आली, मी आले, पण परक्या दारात संकोचायची त्यांची सवय काही गेली नाही.

१९७० साली अँग्लिकन आणि इतर काही ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या. कागदावर एकी सोपी असते हो! आता साहेबांच्या देखरेखीखाली आलेल्या शिरड शहापूरच्या मंडळीत पूर्वी बिशप ही भानगडच नव्हती. तिथले वडीलधारे कोंडीबा यांनी लिहून कळवलं, "आमाला काठीवाला साहेब कशाला पायजे?" ते पत्र साहेबांनी कितीदा वाचलं, ते मलाच ठाऊक.

तीन वर्षांनी तिथे प्रार्थनामंदिर उभं राहिलं. आमची रीत अशी, की नव्या मंदिराच्या उद्घाटनाला दार आतून बंद ठेवायचं, बिशपने माझ्या टोकाने तीनदा ठोकायचं आणि मग आतल्यांनी उघडायचं. साहेबांनी तसं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही पोचलो तर अंगणात चिटपाखरू नाही. साहेबांचा चेहरा उतरला. दार उघडलं नाही तर इथली एकी संपलीच, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पहिला ठोका. दार बंदच. दुसरा. आत नुसती कुजबुज. साहेबांच्या तळहाताच्या घामाने मी भिजले.

तेवढ्यात कोंडीबांची बायको मालनबाई आतून कडाडली, "पाव्हना उन्हात उभा हाय, अन् तुमी कडी धरून काहून बसले?"

"थांब! तिसऱ्या ठोक्याबिगर उघडायचं न्हाई, साहेबांनी लिव्हलंय. बराबर मोजून राहिलो मी!"

"मोजत बसा!"

खाडकन कडी निघाली. दारात तांब्या घेतलेली मालनबाई, मागे झाडून सगळी मंडळी आणि बाजूला ओशाळलेले कोंडीबा.

"साहेब, एक ठोका राहिला. रीत मोडली का?"

"मोडू द्या! आधी पाणी पाजा." साहेब डोळे पुसत हसत होते. माझाही जीव भांड्यात पडला.

ओंजळीने पाणी प्यायचं, म्हणून त्यांनी मला कोंडीबांकडे दिलं. ज्यांना काठीवाला साहेब नको होता, त्यांनीच प्रार्थना संपेपर्यंत मला ताठ धरून ठेवलं.

साहेब यंदा निवृत्त झाले. आता मी नव्या बिशपांच्या हातात आहे. त्यांना माझं एवढंच सांगणं: दार बंद दिसलं म्हणून लगेच माघारी फिरू नका. आत कुणीतरी ठोके मोजत असेल.